न झाडलेलं घर

आमच्या घरात धूळ दिसली म्हणून मले कोणी आळशी समजू नका. शंकर नगरात माझ्यापेक्षा लख्ख घर ठेवणारी बाई दाखवा, मी तिच्या घरी जाऊन झाडू मारून येईन. पण वर्षातून दोन-चारदा आमच्या घरात अशी धूळ साचते की मांजर चाललं तर पावलं उमटतील. तेव्हा समजायचं, आमचे हे कुठंतरी पराक्रम गाजवायले गेले आहेत.

हा नियम माझ्या सासूबाईंचा. शांताबाई त्यांचं नाव. भोसल्यांच्या काळापासून हे घराणं रायपुरात, तेव्हापासूनच हा नियम चालत आला म्हणायच्या. घरातलं माणूस प्रवासाले निघालं, की ते सुखरूप पोचल्याची खबर येईपर्यंत घर झाडायचं नाही. झाडलं तर त्याची परत यायची वाट पुसल्या जाते. माणूस ऑफिसले गेलं तर ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत थांबायचं, नागपूरले गेलं तर पोचल्याचा फोन येईपर्यंत. सासूबाई गेल्या, नियम राहिला. मी वर्ध्याची, शाळेत पोरांले विज्ञान शिकवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण हे बाहेर असले अन् झाडू उचलला की हात थांबते. विश्वास नसला तरी नियम मोडायले हिंमत लागते ना!

आमचे हे म्हणजे शरच्चंद्र. रेल्वेच्या ऑफिसात बाबू. डोक्यावर केस बेताचे, पोट बेताच्या बाहेर. साहेबांपुढं आवाज निघत नाही. दवाखान्यात इंजेक्शनची सुई पाहिली की घेरी येते. झुरळ दिसलं तर माझ्या आधी पलंगावर हे चढतात. पण चार सुट्ट्या जोडून आल्या की या माणसाच्या अंगात येते. एकदा सायकलनं अमरकंटकले जाऊन आले. एकदा जंगलात अस्वल दिसलं म्हणून झाडावर चढले, तर अस्वल झाडाखाली झोपूनच गेलं, अन् हे फांदीवर बसून त्याच्या उठायची वाट पाहत राहिले. एकदा कॉलनीत निघालेला नाग यांनी माझ्या दुधाच्या बरणीत भरून जंगलात नेऊन सोडला. नाग सुटला, बरणी मी फेकली.

दर वेळी मी काय करायची? धूळ साचवायची. घशाखाली घास उतरायचा नाही, फोनकडे पाहत बसायची, अन् हे परत आले की दारातच फैलावर घ्यायची. हे तोंड पाडून ऐकायचे, पण डोळे कसे चमकून राहायचे! तेव्हा मले वाटायचं, ती चमक अस्वलाची आहे. तसं नव्हतं, पण ते समजायले मले महानदी लागली.

मग राज्य नवीन झालं अन् आमचं रायपूर राजधानी. भोपाळहून साहेब लोक आले, घरभाडी आभाळाले टेकली, लाल दिव्याच्या गाड्या पोंऽ पोंऽ करत आमच्या गल्लीतून जाऊ लागल्या. अन् गावाले एक नवीनच खूळ लागलं. राज्यच नवीन, मग जो जे करेल तो त्यातला पहिला! राज्यातला पहिला अमका, राज्यातला पहिला तमका. आमच्या गल्लीतल्या न्हाव्यानंसुद्धा दुकानावर पाटी लावली, छत्तीसगढ का पहला हर्बल सलून. यांनी ती पाटी वाचली अन् घरी येऊन गप्प बसले. मी तेव्हाच ओळखलं, आता काहीतरी निघते.

निघालं ते असं. ट्रकच्या ट्यूबा फुगवून त्यांवर बांबू बांधायचे, त्याचा तराफा करायचा, अन् राजिमपासून सिरपूरपर्यंत महानदीतून एकट्यानं जायचं. छत्तीसगडात हे करणारा पहिला माणूस!

"काहून?" मी विचारलं.

"कोणी केलं नाही म्हणून."

"कोणी छतावरून उलटं लटकून पोहेही खाल्ले नाहीत. ते करा. घरच्या घरी होते."

पण यांच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. ट्यूबा द्यायले दिवाकरभाऊ तयारच होते. हे यांचे शाळेपासूनचे दोस्त, भनपुरीले त्यांचं ट्रकच्या टायरांचं दुकान आहे. एक काडेपेटी अन् दुसरा रॉकेल, असे दोघं. दिवाकरभाऊ यांना जीपनं राजिमले सोडणार, अन् स्वतः रस्त्यानं सिरपूरले जाऊन घाटावर वाट पाहणार. म्हणजे शौर्य यांचं अन् सावलीत बसून चहा त्यांचा.

तराफ्याची ट्रायल तेलीबांध्याच्या तलावात झाली. मी गेली नव्हती. पण अर्धं रायपूर गेलं होतं, त्यामुळे मले सगळं समजलं. हे ऐटीत उभे राहिले, काठाकडे पाहून हात हलवला, अन् हात हलवता हलवता पाण्यात. वर आले ते डोक्यावर जलकुंभीच्या पानांचा मुकुट घालून. टाळ्या पडल्या म्हणे. पोहणं येते म्हणून बरं, नाहीतर राज्यातला पहिला बुडालेला बाबू झाले असते.

आमची पोट्टी, इरावती, तेव्हा कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. तिले मराठी सगळं समजते, पण बोलते हिंदीच. ती मले शिकवायले बसली.

"आई, बाबा जैसे लोगों का दिमाग ही अलग होता है. इनको डर कम लगता है. इसलिए थ्रिल ढूंढते हैं."

"कमी लागते? त्या दिवशी झुरळ निघालं तेव्हा पलंगावर कोण होतं?"

"झुरळ वाला डर अलग है, आई."

"हव, वेगळं आहे. झुरळाच्या वेळी मीही घाबरते. दोघं घाबरलो की मग बाप्पाही कामाचा नाही."

मी हे बोलली गमतीनं. पण बोलल्यावर माझंच तोंड उघडं राहिलं. कारण त्याच आठवड्यात जेवताना मी एक गोष्ट पाहिली होती. हे नकाशा पसरून सांगून राहिले होते, की सिरपूरच्या अलीकडं एक खोल डोह आहे, तिथं मगर दिसली म्हणतात. सांगताना नकाशावर बोट होतं, पण डोळे माझ्या तोंडावर. माझा घास हातातच थांबला, तसं यांनी खुशाल वाटीभर वरण ओतून घेतलं. माझी भूक मेली अन् यांची दुप्पट झाली!

मग मी मागचं सगळं आठवून पाहिलं. अस्वल, नाग, अमरकंटक. निघायच्या आधी दर वेळी हे माझ्यापाशी येऊन बसायचे अन् धोके मोजून सांगायचे. मी पांढरी पडली की यांना लाली यायची. हे लोक भीती बाळगत नाहीत असं नाही. ती घरी बायकोजवळ ठेवून जातात. मी पंचवीस वर्षं या माणसाची भीती सांभाळून राहिली होती, अन् शूर म्हणून गाव याचं नाव घेत होतं! असा राग आला मले. सांगते ना, कणकेचा गोळा असा आपटला की परात दणाणली.

अन् रागाच्या खाली एक दुसरी गोष्ट होती, तीही सांगून टाकते. हे आता पन्नाशीचे. या वेळी मले खरोखर वाटून राहिलं होतं, की हा माणूस परत येत नाही. डोहाचं स्वप्न पडायचं मले. म्हणून मी ठरवलं, यांना जाऊच द्यायचं नाही. भांडून नाही. भांडलं की हे जास्त फुलतात. घाबरायचंच नाही, बस.

दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता हे म्हणाले, "दिवाकर म्हणत होता, पाण्याले यंदा ओढ फार आहे."

"असं का," मी म्हटलं. "रात्रीले दोडके करू की भेंडी?"

यांनी बशी खाली ठेवली. "भोवरे आहेत म्हणे."

"असतील बाप्पा. नदी आहे. भेंडीच करते."

आता यांची काय तारांबळ उडाली! रोज नवीन धोका शोधून आणायचे. पाणसाप आणले, वाळूत माणूस रुतते ते आणलं, विजा पडतात ते आणलं. दसरा होऊन गेलेला, आभाळ कोरडं ठणठणीत, अन् म्हणे विजा. मी आपली सगळ्याले मान डोलवायची अन् डब्यात काय देऊ विचारायची. आत काळजाचं पाणी पाणी होऊन राहिलं होतं. पण वरून मी दगड.

निघायचा दिवस उजाडला. सकाळी दिवाकरभाऊंची जीप दारात, तिच्या टपावर ट्यूबा बांधलेल्या. इरानं ओवाळलं. मी यांच्या हातावर दही ठेवलं, देवाले नमस्कार करवला, सगळं रीतीनं. हे पायऱ्या उतरले, फाटकाशी गेले, अन् नेहमीसारखे मागं वळले. दर वेळी तिथं मी पदर तोंडाशी धरून उभी असते ना!

या वेळी मी झाडू घेतला. अन् यांच्या डोळ्यांदेखत व्हरांडा झाडायले लागली. खर्र, खर्र. दिवाळीच्या आधी झाडतात तसा, कोपऱ्याकोपऱ्यातून.

इराचं ताट वाजलं हातात. "आई, ये क्या कर रही हो?"

"दिसून नाही राहिलं? झाडून राहिली."

हे फाटकाशी उभेच. एक पाय बाहेर, एक आत. मी मान वर केली नाही, पण मले चपला दिसत होत्या. त्या चपला बराच वेळ तिथंच राहिल्या. मग आत वळल्या.

"दिवाकर," हे म्हणाले, "पोटात कसंतरी होऊन राहिलं रे. आज राहू दे."

जिंकली मी! दिवाकरभाऊ बिचारे ट्यूबा छतावर टाकून निघून गेले. त्या दुपारी मी गोडाचा शिरा केला. यांनी चमचाभर खाल्ला अन् उशीत तोंड खुपसून झोपले. मले वाटलं, दोन दिवसांत येतील ताळ्यावर.

दोन दिवस गेले, आठवडा गेला, दिवाळी झाली. हे ताळ्यावर येऊन राहिले नव्हते, ताळ्याच्या पार पलीकडं चालले होते. एक दिवस ऑफिसले जाताना फाटकातून परत आले. गॅस बंद आहे काय? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग स्कूटर सोडली, रिक्षानं जाऊ लागले. का, तर राजधानीची ट्रॅफिक वाढली म्हणे. घडी चौकात रस्ता ओलांडताना माझा हात धरला यांनी. सायकलनं अमरकंटकले गेलेल्या माणसानं! छातीत धडधडते म्हणून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरले काही सापडलं नाही. त्याले कसं सापडेल? यांची पंचवीस वर्षांची भीती मी एकदम यांच्या अंगावर टाकली होती, अन् सांभाळायची सवय या माणसाले मुळीच नव्हती.

संध्याकाळी हे छतावर जायचे अन् ट्यूबांजवळ बसायचे. ट्यूबा हळूहळू बसत चालल्या होत्या. मी त्यांवर सांडग्यांचं कापड वाळत घातलं तरी हे काही बोलले नाहीत. ते पाहून मात्र मी कापड गुपचूप उचलून घेतलं.

इरा म्हणाली, "आई, बाबा को क्या हो गया? पहले वाले बाबा वापस चाहिए मेरे को."

"तुझ्या पुस्तकात काही सांगितलं आहे काय?"

"पुस्तक में तो तुम्हारे बारे में कुछ है ही नहीं."

पोट्टी खरं बोलली. शूर लोकांच्या डोक्यात काय असते त्याची पुस्तकं आहेत. त्यांच्या घरच्यांच्या डोक्यात काय असते ते कोणी विचारत नाही.

मग दिवाकरभाऊ आले. यांच्यापाशी बसले नाहीत, सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले. "वहिनी, नदीचं पाणी उतरून राहिलं. आणखी आठ-दहा दिवस. मग वाळूच वाळू. यंदा गेला नाही ना, तर हा पोट्टा पुढच्या साली जात नाही. मी याले लहानपणापासून पाहून राहिलो. असा कधी पाहिला नाही."

"पुढच्या साली नाही गेले तर चांगलंच आहे की."

"चांगलं आहे?" त्यांनी बाहेर पाहिलं. बाहेर हे खुर्चीत बसून विजेच्या बटणाकडे पाहत होते. शॉक लागेल काय म्हणून. भाऊंनी पाणी घेतलं अन् गेले.

मले जिवंत नवरा पाहिजे होता. मिळाला होता. पण हा कोणता मिळाला होता?

दुसऱ्या दिवशी मी मेथीची जुडी घेऊन यांच्यासमोर बसली. हे पेपर वाचत होते, म्हणजे अपघाताच्या बातम्या. मी दोन-चार काड्या खुडल्या अन् म्हटलं, "ऐका. एकदाच सांगते, पुन्हा सांगणार नाही."

यांनी पेपर खाली केला.

"तुम्ही निघता ना, तेव्हा मी मरून राहते भीतीनं. दर वेळी. अमरकंटकच्या वेळी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडली, की सासूबाईंले ऐकू जाऊ नये. आता तर तुम्ही डोहात बुडाले असं स्वप्न पडते मले, अन् उठून मी तुमच्या नाकापाशी हात धरून पाहते. त्या दिवशी झाडू घेतला तो नाटक होतं. हात लटलट कापून राहिला होता माझा. मले तुमच्याशिवाय करमत नाही, समजलं? झालं सांगून!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अन् या माणसानं काय करावं? याचा चेहरा उजळला! पेपर पडला, पाठ सरळ झाली, आठवड्यांची मरगळ कुठल्या कुठं गेली.

"खरंच?" हे म्हणाले.

"खोटं बोलून मले काय मिळते?"

"म्हणजे लटलट? पूर्ण हात?"

"अहो, लाज आहे काय!" मी मेथीची जुडीच फेकून मारली. ती यांनी झेलली, अन् हसले. किती दिवसांनी हसले! मी रडून राहिली, हे हसून राहिले. इरा दारात उभी राहून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहून राहिली. जे बोलणं ऐकून दुसरा नवरा घरी थांबला असता, ते ऐकून आमचे हे पंप घेऊन छतावर गेले.

निघाले तेव्हा पहाटेचं धुकं होतं. मी दही दिलं. फाटकाशी हे वळले. मी पदर तोंडाशी धरून उभी होती, अन् या वेळी लपवलं काहीच नाही. बायकोचे डोळे सुजलेले पाहून हा माणूस शीळ वाजवत गेला. शीळ वाजवत!

अन् मग घर तसंच राहिलं. इराच्या मैत्रिणी येऊन शेंगदाण्याची टरफलं पाडून गेल्या, राहू दिली. वाऱ्यानं कडुनिंबाची पानं आत आली, राहू दिली. कामवाली दीदी दारातून म्हणाली, "पोंछा तो लगा दूं?" मी असं पाहिलं तिच्याकडे की ती आपली भांडी घासून गेली.

पोचायचा दिवस आला. दिवाकरभाऊ सिरपूरच्या घाटावर मोबाईल घेऊन बसलेले. दुपारी त्यांचा फोन, नाही आला. संध्याकाळी, नाही आला. मी फोन ठेवला अन् त्या धुळीतच खाली बसली. पाय धुवायलेही उठवेना. वाटलं, मीच पाठवलं. चांगला खुर्चीत बसला होता, भित्रा तर भित्रा, डोळ्यांपुढं तर होता. इरा येऊन माझ्या बाजूले धुळीत बसली अन् तिनं माझा हात धरला. "आई," ती म्हणाली, "बाबा येतील ना?" आयुष्यात पहिल्यांदा पोट्टी माझ्याशी मराठीत बोलली, अन् बोलायची वेळ पहा कोणती काढली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर फोन वाजला. भाऊ हसून राहिले होते की रडून राहिले होते, समजेना. "वहिनी, आला! चालत आला!"

"चालत?"

भाऊंनी सांगितलं ते असं, की पाणी आमच्या अंदाजापेक्षा जास्तच उतरलं होतं. थोडं वाहायचं अन् वाळूत अडकायचं. उतरून ओढायचं. पुन्हा थोडं वाहायचं. त्यात बाभळीच्या काट्यानं दोन ट्यूबा फुटल्या. शेवटी या राज्यातल्या पहिल्या वीरानं उरलेली ट्यूब गळ्यात घालून बरीचशी महानदी पायी पार केली. मगरीच्या डोहात पाणी कमरेइतकं, अन् त्यात म्हशी बसलेल्या.

यांनी फोन घेतला. घसा बसला होता. मले वाटलं, म्हशींचं सांगतील, काट्यांचं सांगतील.

"घर झाडलं काय?" यांनी विचारलं.

"नाही."

"बस," हे म्हणाले. अन् मग कोणालेच काही बोलता येईना. बिल भाऊंचं चाललं होतं.

ही झाली यांची गोष्ट. आता माझी थोडी आहे.

पुढच्या वर्षी मले वाटलं, चित्रकोटचा धबधबा पाहून यावं. हे चारदा पाहून आले होते. मी धूळ पाहून राहिली होती. लग्नानंतर मी वर्ध्यालेही एकटी गेली नव्हती, कोणी ना कोणी सोबत. जगदलपूरले माझी शाळेतली मैत्रीण पद्मिनी राहत होती. बसनं जायचं, घाट चढायचा, तिच्याकडे उतरायचं. मी म्हटलं, एकटीच जाते.

"मी येतो," हे म्हणाले.

"नको."

"केशकालचा घाट आहे. वळणं आहेत."

"असतील बाप्पा. घाट आहे."

सकाळी यांनी माझ्या हातावर दही ठेवलं. अर्धं हातावर, अर्धं साडीवर. मी पिशवी घेतली, फाटक लावलं, कोपऱ्यावर रिक्षा उभी होती तिथं गेली. पाय जड झाले होते. खरं सांगते, परत फिरावं वाटून राहिलं होतं. कशाले हा उपद्व्याप? अन् तेवढ्यात आठवलं, लांबचं पाहायचा चष्मा टेबलावर राहिला. परत फिरायले चांगलं निमित्त मिळालं.

फाटकाशी आली, तर आतून आवाज.

"भैया, झाडू तो लगाने दो. मेरे को तीन घर और जाना है."

"नाही म्हणजे नाही! मॅडम जगदलपूरले पोचल्याशिवाय इथं कोणी झाडायचं नाही."

मी खिडकीतून डोकावली. हे खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते, जसे झुरळ निघाल्यावर बसतात. झाडू मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला. टेबलावर पोहे तसेच पडलेले. अन् चेहरा! तो चेहरा मी ओळखला. पंचवीस वर्षं मी तो आरशात पाहिला होता. पांढराफटक, ओठ कोरडे, डोळे फोनवर. माझ्यासाठी! नाग बरणीत भरणारा माणूस माझ्यासाठी असा बसला होता.

काय सांगू काय झालं मले. पायांतलं जडपण उतरलं. छातीत असं काही भरून आलं की वाटलं, केशकालचा घाट मी पायी चढून जाईन, वाटेत अस्वल आलं तर त्याले बाजूले हो म्हणेन. तेव्हा मले समजलं, हे फाटकाशी काहून वळून पाहायचे.

चष्मा चार पावलांवर होता. पण आत गेली असती तर हे दचकले असते, मग हसले असते, अन् तो चेहरा पुसल्या गेला असता. मी चष्मा राहू दिला. पाय न वाजवता वळली अन् रिक्षात जाऊन बसली. रिक्षावाला म्हणाला, "दीदी, बड़ी खुश लग रही हो." मी म्हटलं, "हव."

जगदलपूरले पोचल्यावर पद्मिनी म्हणाली, आधी घरी फोन कर. मी म्हटलं, करते, घाई काय आहे? हातपाय धुतले. चहा घेतला, बशीत ओतून, फुंकून फुंकून. तिची बाग पाहिली. मग फोन लावला. पहिली घंटी पूर्ण वाजायच्या आधीच उचलल्या गेला.

"पोचलीस?" यांनी विचारलं.

"पोचली."

यांनी मोठा श्वास सोडला. रागावतील वाटलं, उशीर झाला म्हणून. पण नाही. रिसीव्हर नीट न ठेवताच बाजूले ठेवला, अन् मले तिकडून आवाज आला. खर्र, खर्र. हे घर झाडून राहिले होते.

धबधबा मले धूसरच दिसला. नुसतं पांढरं पांढरं. पण मी काठावर इतकी पुढं जाऊन उभी राहिली, की पद्मिनी मागून ओरडायले लागली.